अपूर्ण पदवीची ओळ

‘अर्धवट’ या शब्दाला मराठीने फार कठोरपणे वागविले आहे. घर अर्धवट राहिले, विणकाम अर्धवट राहिले, तर आपण हळहळतो आणि पुन्हा कधी तरी हात लावू असे म्हणतो. पण हाच शब्द माणसाला लागला की त्याच्या अकलेविषयीच शंका उत्पन्न होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा आपल्या हसण्याचा विषय होतो आणि धरसोड करणाऱ्याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण ऐकून घ्यावी लागते. विद्यापीठाची पदवी मध्येच सुटलेल्या मनुष्याच्या वाट्याला हे सारे एकदम येते. त्याने शिकलेली दोन वर्षे कोणी विचारीत नाही. न शिकलेले तिसरे वर्ष मात्र सर्वांच्या ध्यानात राहते. नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाच्या ज्या कागदाला आज सर्वजण बायोडाटा म्हणतात, त्यातील शिक्षणाच्या रकान्यापाशी येऊन अशा मनुष्याची लेखणी थबकते. त्या थबकलेल्या लेखणीविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

आम्ही राहतो तो ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग नावाप्रमाणेच शिंद्यांच्या छावणीतून वाढला. शिंद्यांच्या दौलतीत जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांसारख्या सारस्वत पुरुषांनी पराक्रम गाजविले, तेव्हा त्यांच्या नावापुढे कोणत्याही विद्यापीठाची अक्षरे नव्हती. पुढे तलवारी खुंटीला लागल्या, संस्थानी नोकऱ्या आल्या आणि नोकरीच्या मागोमाग परीक्षा आली. येथील व्हिक्टोरिया कॉलेज, म्हणजे आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय, हे आमच्याकडील मराठी घरांचे दुसरे देवघरच होते म्हणावयाचे. १९२७ साली आग्रा विद्यापीठ निघाले, १९५७ साली उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आणि १९६४ साली येथले जीवाजी विद्यापीठ. त्यामुळे एकाच इमारतीत शिकलेल्या आजोबांच्या पदवीवर आग्र्याचे, वडिलांच्या पदवीवर उज्जैनचे आणि नातवाच्या पदवीवर ग्वाल्हेरचे नाव, असा प्रकार अनेक घरांत पाहावयास मिळतो. भिंतीवर कुलदैवताच्या तसबिरीशेजारी पदवीदान समारंभाचे छायाचित्र लावण्याची चाल होती. जेथे ते छायाचित्र नसे, त्या भिंतीकडे पाहुण्याने फार वेळ पाहू नये, एवढीच घरातल्यांची इच्छा असे.

पदवी राहून गेलेले लोक तेव्हाही पुष्कळ होते. नावापुढे ‘बी. ए. नापास’ असे लिहिणाऱ्यांच्या गोष्टी आमचे वडीलधारे हसत हसत सांगत. परंतु त्या लिहिण्यात एक प्रामाणिकपणा होता. ‘आम्ही वर्गापर्यंत पोचलो, उंबरठा ओलांडता आला नाही,’ एवढे ते स्वच्छ सांगत होते. आज तसे लिहिण्याची चाल उरली नाही आणि तिच्याबरोबर तो स्वच्छपणाही कमी झाला आहे. शिवाय आज या कागदाचे दोन अवतार आहेत. एक नोकरीसाठी, दुसरा विवाहासाठी. एका कागदावर केलेली लबाडी दुसऱ्यावर आपोआप उतरते, आणि मग ती एका कचेरीला फसवून थांबत नाही. दोन कुळांच्या मध्ये जाऊन बसते.

आमचे सारे आयुष्य सरकारी कचेरीत इतरांचे अर्ज वाचण्यात गेले. निवृत्तीनंतर दौलतगंजातल्या आमच्या घरी ओळखीची मुले आपापले कागद दाखवावयास येतात. त्यांपैकी एकाची हकीकत येथे देतो. मुलगा हुशार, स्वभावाने अबोल. २०१५ साली बी. एस्सी.ला गेला, गणित हा त्याचा आवडता विषय. दोन वर्षांतली चारही सत्रे तो उत्तीर्ण झाला. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. विजेच्या सामानाचे लहानसे दुकान, घरात शाळेत जाणारी बहीण, उधारीच्या वह्या वडिलांच्या डोक्यात आणि वडिलांची वाचा गेलेली. मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसला तो परत महाविद्यालयात गेलाच नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला. बाजारातले मुरलेले व्यापारी गोंधळून गेले होते. हा मुलगा रात्री जागून ती विवरणपत्रे भरावयास शिकला. साठ्याची नोंद, खरेदीची बिले, थकबाकीची वसुली हे सर्व त्याने सात वर्षे सांभाळले. पुढे वडील गेले, बहीण सासरी गेली, दुकानाचा धंदा आटला. मग त्याने मालनपूरच्या कारखान्यांत भांडार विभागातील नोकरी शोधावयास आरंभ केला.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हाती तीन सल्ले होते. एका मित्राने सांगितले होते, “सरळ बी. एस्सी. लिही, खाजगी ठिकाणी कोण बघतो?” दुसऱ्याने सांगितले, “बारावीपर्यंतच लिही, मधल्या वर्षांचा विषयच काढू नकोस.” तिसरा जास्त शहाणा होता. त्याचे म्हणणे, महाविद्यालयाचे नाव आणि २०१५ हे साल लिहावे, पुढे काही लिहू नये. वाचणाऱ्याचा जो समज होईल तो होऊ द्यावा. मुलाने विचारले, “काका, यातले कोणते बरे?” त्याची आई बाजूला उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, पोराने काही चोरी केली नाही. मग त्यालाच का लपवावे लागते?” हा प्रश्न आम्हांला त्या तिन्ही सल्ल्यांपेक्षा अधिक शहाणा वाटला.

पहिल्या सल्ल्याविषयी फार बोलावे लागत नाही. न मिळालेली पदवी लिहिणे हे असत्य आहे आणि असत्याला मुदत नसते. नेमणुकीच्या दिवशी ते निभावले, तरी बढतीच्या दिवशी, कागदपत्रे पडताळताना, किंवा कोणी द्वेषाने तक्रार केली त्या दिवशी ते वर येते. आणि तेव्हा त्या मनुष्याची खरी केलेली दहा वर्षांची चाकरीही त्याच्याबरोबर बुडते. आमच्या मध्य प्रदेशात २०१३ साली व्यापम प्रकरण उघडकीस आले, तेव्हा परीक्षांच्या निकालांवरचा लोकांचा विश्वास किती ढासळू शकतो हे आम्ही जवळून पाहिले. ज्यांनी रात्र रात्र जागून परीक्षा दिल्या त्या मुलांकडेही लोक संशयाने पाहू लागले. खोट्या कागदाचा दंड खऱ्या कागदवाल्यालाही भरावा लागतो, तो असा.

तिसरा सल्ला पहिल्याचाच धाकटा भाऊ. शब्द खरे ठेवावयाचे आणि समज खोटा करून द्यावयाचा, ही युक्ती महाभारतात युधिष्ठिराने एकदाच केली आणि तेवढ्याने त्याचा जमिनीला न टेकणारा रथ खाली टेकला. आपल्यासारख्यांचे रथ मुळातच जमिनीवर चालतात. ते आणखी खाली गेले तर चिखलातच रुततील.

दुसरा सल्ला मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण गाळणे हे नेहमीच लपविणे नसते. याचे उदाहरण आमच्याच गावचे आहे. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म ग्वाल्हेरचा, बी. ए. व्हिक्टोरिया कॉलेजचे. कानपूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयातून राज्यशास्त्रात एम. ए. झाल्यावर त्यांनी तेथेच कायद्याच्या वर्गात नाव घातले. त्यांचे वडील कृष्णबिहारी वाजपेयी हे शिक्षक. तेही त्याच वर्गात दाखल झाले आणि पितापुत्र वसतिगृहात एकाच खोलीत राहिले. पुढे १९४७ साली ‘राष्ट्रधर्म’ मासिकाचे काम आले आणि पुत्राचे कायद्याचे शिक्षण पुरे झाले नाही. त्यांच्या अधिकृत परिचयात शिक्षण म्हणून एम. ए. येते, त्या अपुऱ्या वर्गाचा उल्लेख येत नाही. आणि त्यात कोणाची फसवणूकही नाही. ज्याच्या हाती त्याहून पूर्ण अशी पदवी आहे आणि ज्याचा काळ दुसऱ्या कामाने भरलेला आहे, त्याने अपुरा अभ्यासक्रम गाळला तर वाचणाऱ्याचे काही अडत नाही. आम्ही तर म्हणू की स्वतःच त्यांनी ती बापलेकांच्या वर्गाची गोष्ट मजेने सांगितली, यातच तिच्याविषयी लाज नव्हती हे दिसते.

आमच्या मुलाची स्थिती निराळी होती. बारावीनंतरचे त्याचे एकमेव शिक्षण तेच. ते गाळले तर २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षांची पोकळी राहणार, आणि रिकाम्या जागेत माणसे नेहमी वाईटच भरतात. शिवाय जेथे अर्जातच सर्व शिक्षण लिहा असे म्हटलेले असते, तेथे कमी लिहिणे हाही दोष ठरतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका बँकेच्या शिपाईपदाचे प्रकरण आले होते. त्या जागेसाठी पदवीधर नको अशी अट होती. उमेदवाराने आपली पदवी झाकून केवळ बारावी लिहिली. न्यायालयाने बँकेचा निर्णय योग्य ठरविला आणि त्या मनुष्यास जागा मिळाली नाही. पदवी नसताना लिहिणारा जसा बुडतो, तसा असताना झाकणाराही बुडतो. शिक्षण कमी की अधिक हा वेगळा विचार. जे विचारले ते सांगितले की नाही, हे आधी पाहिले जाते.

मग लिहावे कसे? याचा उत्तम धडा आम्हांला एका जुन्या अर्जात सापडला. श्रीनिवास रामानुजन हे नाव गणितज्ञ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण ते अर्जदार म्हणूनही मोठे होते. एफ. ए.च्या परीक्षेत गणिताखेरीज इतर विषयांनी त्यांना दगा दिला आणि पदवीचा मार्ग बंद झाला. फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा रिकामी असल्याचे कळल्यावर त्यांनी अर्ज केला. त्यात त्यांनी आपण मॅट्रिक झालो असून एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, मात्र तेव्हापासून सारा वेळ गणितात घालविला आहे, असे सांगितले. सोबत एका गणिताच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. त्यांना तीस रुपये महिन्याची ती जागा मिळाली. पुढल्या वर्षी जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठविले, तेव्हाही आपण एका कचेरीत कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण आपल्यापाशी नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले.

वाचकांनी या अर्जाची मांडणी नीट पाहावी. काय उत्तीर्ण झालो ते प्रथम. कोठपर्यंत पोचलो ते नंतर. का थांबलो ते एका वाक्यांशात, कोणाला दोष न देता आणि कोणाची दया न मागता. आणि त्यानंतर काय केले ते सर्वांत शेवटी व सर्वांत ठळक. रामानुजनांची बुद्धी आपल्यापाशी नाही, पण ही मांडणी कोणालाही उचलता येते. तिला पदवी लागत नाही.

त्या नमुन्यावर आम्ही मुलाला ओळ लिहून दिली: ‘बी. एस्सी. (गणित), २०१५ ते २०१७. चार सत्रे उत्तीर्ण. कौटुंबिक जबाबदारीमुळे अभ्यासक्रम अपूर्ण.’ चारही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडल्या, कारण अपूर्ण शिक्षणाचाही पुरावा असतो आणि तो फेकून देऊ नये. वडिलांच्या आजाराचे वर्णन घालू दिले नाही. दुःख मुलाखतीत विचारले तर सांगावे, कागदावर ते याचना होते. महाविद्यालयाच्या नावाला ठळक शाई लावून ‘अपूर्ण’ हा शब्द बारीक अक्षरात लिहिण्याचा त्याचा बेतही मोडून काढला. आणि या ओळीच्या वर, कागदाच्या माथ्यावर, दुकानाची सात वर्षे मांडली: किती प्रकारचा माल सांभाळला, साठ्याची वही कशी ठेवली, कराची विवरणपत्रे कधीपासून भरली. तो भाग लिहून झाला तेव्हा मुलगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. आपण या सात वर्षांत काही केले आहे, हे त्याने पहिल्यांदाच लिहिलेले पाहिले असावे.

सत्याचा विजय लगेच होतो, असे सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाही. पहिल्या कारखान्यात पदवी सक्तीची होती. तेथून अर्ज परत आला. आईच्या तोंडून निघून गेले, “बी. एस्सी. लिहिले असते तर निदान आत तरी बोलावले असते.” ते खरेही असेल. दुसऱ्या ठिकाणी बोलावले. तिसरे वर्ष का राहिले, असा एकच प्रश्न त्या ओळीवर आला. मुलाने दोन वाक्यांत उत्तर दिले. उरलेला अर्धा तास साठ्याच्या वहीवर बोलणे झाले. आज तो तेथे आहे. पगार मोठा नाही. पण त्याच्या कागदावर उद्या कोणी बोट ठेवील अशी एकही जागा नाही, आणि रात्री पाठ टेकली की झोप लागते, असे तो सांगतो. बहिणीच्या सासरी त्याच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा त्याने तेथेही तेच सांगितले. दोन्ही कागद एकमेकांशी जुळले.

कोकणी वाचकांना येथे धर्मानंद कोसंबी आठवल्याखेरीज राहणार नाहीत. १८९९ साली ते गोव्याचे साखवाळ सोडून संस्कृत शिकण्यासाठी पुण्यास आले आणि तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत काशीला गेले. आमच्या गावातून तो तरुण गेला तेव्हा त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाचा कागद नव्हता. पुढे सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात भिक्षू होऊन पाली ग्रंथ मुळातून शिकून त्यांनी कलकत्त्यास पाली शिकविली, १९१० साली ते हार्वर्डला ग्रंथसंपादनासाठी गेले आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हार्वर्डचे ते काम म्हणजे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची आवृत्ती. ती हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने तयार करावयास घेतली होती. १८९९ साली वॉरन वारले आणि काम पडून राहिले. कोसंबींनी ते तपासले, पण तो ग्रंथ छापून निघाला १९५० साली, कोसंबींच्याही निधनानंतर तीन वर्षांनी. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून कोसंबींचे, अशी दोन्ही नावे आहेत. ज्याने जेवढे केले तेवढे त्याच्या नावावर, असा तो सरळ हिशेब.

राहिलेले पुरे करता येत असेल तर अवश्य करावे. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९३८ साली बी. ए. झाले; नोकऱ्या आणि प्रपंच यांच्या ओढाताणीत एम. ए. व्हावयास पुढे सुमारे पंधरा वर्षे लागली, आणि १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात ते अध्यापक झाले. आज तर शासनानेच अर्ध्या वाटेला नाव दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक वर्ष पुरे करणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षे करणाऱ्यास पदविका आणि तीन वर्षे करणाऱ्यास पदवी, अशी सोय झाली. मध्य प्रदेशात ती २०२१–२२ पासून लागू झाली. आमचा मुलगा सहा वर्षे उशिरा जन्मता तर त्याच्या दोन वर्षांना पदविका म्हणता आले असते. तो आता मुक्त विद्यापीठातून वाणिज्य शाखेचा अभ्यास करतो, आणि त्याच्या कागदावर ‘शिक्षण चालू’ हे शब्द आले आहेत. ते शब्द ज्याने खरोखर नाव घातले आहे त्यानेच लिहावेत, एवढे सांगणे पुरे.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जे देऊळ लोक सासबहूचे म्हणून ओळखतात, ते मुळात विष्णूचे. त्याचे शिखर आज नाही. पण मंडपात विक्रम संवत ११५०, म्हणजे इसवी सन १०९३ चा शिलालेख आहे. कच्छपघात वंशातील पद्मपाल राजाने हे देऊळ बांधावयास घेतले, ते पुरे होण्यापूर्वीच तो वारला, आणि मागून आलेल्या महीपालाने ते पुरे केले, असे त्या लेखात सांगितले आहे. महीपालाच्या हाती राज्य होते, पाथरवट होते, कवी होता. सारे देऊळ आपल्या नावावर लिहवून घेण्यास त्याला कोणी अडविले नसते. परंतु आरंभ कोणाचा, कोठे थांबले आणि शेवट कोणी केला, हे त्याने दगडात कोरवून ठेवले, आणि देवालाही पद्मनाथ हे आपल्या पूर्वजाच्या नावाचेच नाव दिले. देवाच्या दारात जे लिहावयास राजाला कमीपणा वाटला नाही, ते कचेरीच्या दारात लिहावयास आपल्या मुलांना वाटू नये. अपूर्ण या शब्दाची शाई इतर शब्दांइतकीच काळी असावी, आणि त्याच्या पुढची ओळ आपल्या कामाने भरलेली असावी, एवढेच आमचे त्यांना सांगणे आहे.